तुमचा केसपेपर कोणी वाचायचा? सरकारी आरोग्य धोरणं, खासगीपणा आणि कोर्ट

मार्च २०११ मध्ये कोल्हापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी एक आदेश काढला. जिल्ह्यातल्या प्रत्येक सोनोग्राफी यंत्राला ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ नावाचं उपकरण बसवायचं, म्हणजे यंत्रावर झालेल्या तपासण्यांच्या प्रतिमा त्यात आपोआप साठतील. शिवाय गरोदर बाईच्या तपासणीचा ‘फॉर्म एफ’ ऑनलाइन भरायचा. कारण उघड होतं. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात ० ते ६ या वयोगटात हजार मुलग्यांमागे ८३९ मुली होत्या, आणि गर्भलिंगनिदान कायद्याने बंद असलं तरी दाराआड चालू होतं.

रेडिओलॉजिस्टांची संघटना या आदेशाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेली. त्यांचा एक मुद्दा असा होता की बाईच्या पोटाची प्रतिमा ही तिची खासगी बाब आहे. ती सरकारी उपकरणात साठवली तर तिचा खासगीपणाही जातो आणि डॉक्टरचं गोपनीयतेचं कर्तव्यही मोडतं. ऑगस्ट २०११ मध्ये न्यायालयाने याचिका फेटाळली. का फेटाळली, हे नीट पाहिलं तर या सगळ्या विषयाची किल्ली हातात येते.

‘मुलींचा जीव महत्त्वाचा, खासगीपणा दुय्यम’ एवढंच म्हणून न्यायालय थांबलं नाही. त्याने माहितीचा रस्ता तपासला. प्रतिमा इंटरनेटवरून कुठल्याही सर्व्हरवर जात नाहीत, त्या यंत्रालाच जोडलेल्या उपकरणात राहतात. ते उपकरण जिल्हाधिकारी किंवा सिव्हिल सर्जन यांनी मागितलं तरच उघडायचं, आणि तेही त्या केंद्राच्या डॉक्टरांच्या समक्ष. रस्ता इतका बंदिस्त असेल तर गोपनीयतेचा भंग होत नाही, असा निष्कर्ष निघाला.

माहिती ‘गुप्त आहे की नाही’ हा प्रश्न अशा खटल्यांत फारसा कामाचा नसतो. माहिती कुठल्या कायद्याने मागितली, किती मागितली, ती कुठे साठते आणि शेवटी कोण पाहतं, या प्रश्नांवर याचिका तरते किंवा बुडते. हाच कोल्हापूरचा आदेश ‘सगळ्या प्रतिमा रोज संध्याकाळी अमुक खासगी कंपनीच्या सर्व्हरवर चढवा’ असा असता, तर आजच्या कसोटीवर तो टिकला असता असं आम्हाला वाटत नाही.

आजची कसोटी कोणती?

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने पुट्टस्वामी प्रकरणात एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, आणि त्याचा मुख्य आधार घटनेचं कलम २१, म्हणजे जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क. याचिकाकर्ते होते कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी, आणि मूळ वाद आधारचा होता.

हक्क मूलभूत असला तरी अमर्याद नाही. सरकार त्यात शिरू शकतं, पण तीन पायऱ्या चढून. पहिली पायरी: कायदा हवा. विधिमंडळाने किंवा संसदेने केलेला कायदा, किंवा अशा कायद्याने दिलेल्या अधिकाराखाली काढलेला आदेश. नुसता शासन निर्णय, म्हणजे आपण ज्याला जीआर म्हणतो तो, स्वतःच्या बळावर मूलभूत हक्कावर मर्यादा घालू शकत नाही. दुसरी: हेतू कायदेशीर आणि सार्वजनिक हिताचा हवा. तिसरी: हेतू आणि उपाय यांचं प्रमाण जुळायला हवं. क्षयरुग्णाला दरमहा पोषण अनुदान द्यायचं तर त्याचं बँक खातं लागणार हे कळतं. त्याची जात, त्याच्या शेजाऱ्यांची नावं आणि त्याचे जुने मानसोपचाराचे कागद त्यासाठी लागत नाहीत.

दुसरी पायरी सरकार जवळजवळ नेहमीच चढतं. साथ रोखणं, भ्रूणहत्या थांबवणं, अनुदानातली गळती बंद करणं हे हेतू वाईट आहेत असं कोणतंही कोर्ट म्हणणार नाही. तरी नवखे याचिकाकर्ते निम्मी पानं सरकारच्या हेतूवर शंका घेण्यात घालवतात. लढत होते ती पहिल्या आणि तिसऱ्या पायरीवर.

पहिल्या पायरीचं आपल्याकडचं ठळक उदाहरण मुंबईच्या लोकलचं आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून लशीचे दोन्ही डोस घेतलेल्यांनाच लोकलमध्ये प्रवेश होता. त्याविरुद्ध जनहित याचिका झाल्या. लस चांगली की वाईट, याच्या चर्चेपेक्षा न्यायालयाचं बोट पडलं ते आदेशावरच्या सहीवर. आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली असे निर्बंध घालताना राज्य कार्यकारी समितीमार्फत निर्णय व्हायला हवा. तत्कालीन मुख्य सचिवांनी काढलेले आदेश त्या रीतीने निघालेले नव्हते. फेब्रुवारी २०२२ मध्ये न्यायालयाने खडे बोल सुनावल्यावर सरकारने ते आदेश मागे घेतले.

मग काय झालं? १ मार्चला रीतसर नवा आदेश निघाला आणि लशीची अट त्यात पुन्हा होतीच. निर्बंध प्रत्यक्षात उठले ते एप्रिलच्या सुरुवातीला, साथ ओसरल्यावर. कार्यपद्धतीच्या मुद्द्यावर मिळालेला विजय हा असा असतो: खरा, पण सरकार चूक सुधारून त्याच जागी परत येऊ शकतं. म्हणून प्रमाणाचा मुद्दाही पहिल्या दिवसापासून याचिकेत हवा.

प्रमाणाच्या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला २ मे २०२२ रोजी, बालरोगतज्ज्ञ डॉ. जेकब पुलियेल यांच्या याचिकेवर. कोणालाही जबरदस्तीने लस टोचता येणार नाही, कारण शरीरावरचा अधिकार कलम २१ मध्ये येतो. सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार काही मर्यादा घालू शकतं, पण लस न घेतलेल्या माणसाकडून घेतलेल्यापेक्षा जास्त संसर्ग पसरतो असा आधार समोर ठेवला गेला नव्हता. म्हणून त्या वेळचे राज्यांचे निर्बंध प्रमाणाबाहेर ठरले. त्याच निकालात केंद्राचं लसीकरण धोरण मात्र अवाजवी नाही असंही म्हटलं आहे. ‘लस-सक्ती रद्द’ हा मथळा वाचलेल्यांना हा दुसरा भाग बहुधा माहीतच नसतो.

या निकालात एक मजेशीर पीळ आहे. लशींच्या चाचण्यांची माहिती उघड करा, अशीही मागणी होती. न्यायालयाने सांगितलं की नियमांप्रमाणे जी माहिती प्रसिद्ध व्हायला हवी ती विनाविलंब करा, मात्र चाचणीत भाग घेतलेल्या व्यक्तींचा खासगीपणा सांभाळून. लशीनंतरच्या त्रासाच्या नोंदी लोकांनाही करता याव्यात, पण नोंदवणाऱ्याची ओळख उघडी पडू नये, असंही सांगितलं. म्हणजे एरवी नागरिक ज्याचा ढालीसारखा वापर करतो तो खासगीपणा माहिती मागणाऱ्याच्या वाटेतही उभा राहतो. त्यामुळे सरकारकडून आकडे मागताना नावं, पत्ते गाळून एकत्रित आकडेवारी मागावी. ती नाकारणं अवघड जातं.

गोव्यातले ६४ दिवस

थोडं मागे जाऊ, कारण २०१७ च्या आधी परिस्थिती कशी होती हे कळल्याशिवाय आजच्या कायद्यांची किंमत कळत नाही. फेब्रुवारी १९८९ मध्ये गोव्यात डॉमिनिक डिसोझा या तरुणाला पोलिसांनी बोलावून नेलं. त्याने रक्तदान केलं होतं आणि त्या रक्तात एचआयव्ही सापडला होता. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तेव्हा एचआयव्ही बाधिताला अलग ठेवण्याची तरतूद होती. त्याला म्हापशाच्या जुन्या क्षयरोग रुग्णालयाच्या इमारतीत ६४ दिवस ठेवलं. त्याची आई ल्युसी डिसोझा उच्च न्यायालयात गेल्या.

अंतरिम आदेशाने, म्हणजे अंतिम निकालाआधीच्या तात्पुरत्या आदेशाने, तो घरी आला. मुख्य याचिका मात्र हरली. व्यक्तीचा हक्क आणि समाजाचं हित यांत ताण आला तर समाजाचं पारडं जड, असं म्हणून न्यायालयाने अलगीकरणाची तरतूद वैध ठरवली. मधल्या काळात कायद्यात दुरुस्ती होऊन सक्तीच्या जागी ‘ठेवता येईल’ असा शब्द आला होता, हे खरं. डॉमिनिकने पुढे गोव्यात ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था काढली आणि १९९२ मध्ये त्याचं निधन झालं.

१९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दुसरं प्रकरण आलं. सार्वजनिक क्षेत्रातल्या एका महामंडळाने रोजंदारीवरच्या कामगाराला एचआयव्ही आहे म्हणून कामावरून वगळलं होतं, जरी तो काम करायला तंदुरुस्त होता. कामगाराने स्वतःचं नाव लपवून दाद मागण्याची परवानगी मागितली. ती मिळाली, आणि खटल्याच्या नोंदीत दोन्ही बाजू अक्षरांनीच राहिल्या: एमएक्स विरुद्ध झेडवाय. कामगार जिंकला. नाव न सांगता कोर्टात जाता येतं, ही वाट इथे रुळली. आज एचआयव्ही कायदा २०१७ च्या कलम ३४ मध्ये ती सरळ लिहिलेली आहे: ओळख लपवून कामकाज, बंद दाराआड सुनावणी, आणि ओळख उघड होईल अशा प्रसिद्धीला मनाई.

उलटा निकालही लागला होता, १९९८ मध्ये, सर्वोच्च न्यायालयात. एका रुग्णालयाने रुग्णाचा एचआयव्ही अहवाल उघड केला आणि त्याचं ठरलेलं लग्न मोडलं. न्यायालय म्हणालं, होणाऱ्या पत्नीला निरोगी आयुष्याचा हक्क आहे आणि तो इथे वरचढ ठरतो. एवढ्यावर न थांबता, बाधिताचा लग्नाचा हक्कच स्थगित असतो असंही त्या निकालात लिहिलं गेलं. २००२ मध्ये तीन न्यायाधीशांनी ते लग्नाबद्दलचं भाष्य अनावश्यक होतं असं म्हणून बाजूला सारलं. आता जोडीदाराला सांगायचं का, कधी आणि कसं, हे एचआयव्ही कायद्याच्या कलम ९ ने ठरतं: आधी समुपदेशन, रुग्णाला स्वतः सांगायची संधी, आणि सांगितल्याने बाईवर हिंसा होण्याची वाजवी भीती असेल तर तिच्या जोडीदाराला कळवायला मनाई.

डॉक्टरचं तोंड कधी बंद, कधी उघडं

वकिलाला अशिलाचं गुपित कोर्टातही न सांगण्याचं संरक्षण पुरावा कायद्यात आहे. डॉक्टरला ते नाही. न्यायाधीशांनी आदेश दिला तर डॉक्टरला सांगावं लागतं. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांत गुपित उघड करायला तीन सबबी आहेत: न्यायाधीशांचा आदेश, एखाद्या नेमक्या व्यक्तीला किंवा समाजाला गंभीर धोका, आणि कळवणं बंधनकारक असलेले आजार. क्षयरोग २०१२ पासून या तिसऱ्या गटात आहे. (ऑगस्ट २०२३ मध्ये नवे आचारनियम निघाले होते, पण त्याच महिन्यात ते स्थगित झाले. म्हणून २००२ चेच लागू.)

सर्वांत नाजूक गाठ अल्पवयीन मुलीच्या गर्भपाताची. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचं कलम १९ म्हणतं की अठरा वर्षांखालच्या मुलीशी लैंगिक संबंध झाल्याचं कळलं की पोलिसांना कळवा. न कळवल्यास शिक्षा. गर्भपात कायद्याचं कलम ५अ म्हणतं की बाईचं नाव उघड करू नका. केल्यास एक वर्षापर्यंत कैद. दोन कायद्यांच्या मध्ये डॉक्टर सापडतो, आणि पोलीस केसच्या भीतीने मुलगी भोंदूकडे जाते. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही गाठ सोडवली: डॉक्टरने पोलिसांना कळवायचं, पण मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली तर तिचं नाव आणि ओळख पटेल असा तपशील द्यायची गरज नाही. पुढच्या फौजदारी कामकाजातही तो द्यावा लागत नाही. ठाण्यात ‘नाव लिहिल्याशिवाय पावती नाही’ असं सांगितलं, तर या निकालाची प्रत पुढे ठेवावी.

मानसिक आजाराच्या नोंदींना मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चं वेगळं कुंपण आहे. कलम २३ गोपनीयतेचं, कलम २५ स्वतःच्या नोंदी मिळवण्याचं.

आणि नोकरीचं? एलआयसीने एकेकाळी महिला उमेदवारांच्या फॉर्ममध्ये मासिक पाळी नियमित येते का, शेवटची पाळी कधी आली, अशी विचारणा केली होती. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रकाने काढायला लावले. त्या वेळी पुट्टस्वामी निकाल नव्हता, तरी हे जमलं. प्रश्नाचा कामाशी संबंध नाही हे उघड असलं की कोर्टाला फार तत्त्वज्ञान लागत नाही.

मोबाइलवर आलेला आजार

करोनाच्या काळात माहिती कागदावरून फोनवर गेली. एप्रिल २०२० मध्ये केरळ सरकारने रुग्णांची माहिती हाताळायला स्प्रिंकलर या परदेशी कंपनीचं सॉफ्टवेअर घेतलं. केरळ उच्च न्यायालयाने २४ एप्रिलच्या अंतरिम आदेशात करार मोडला नाही. साथीच्या भरात ती ढवळाढवळ त्याने टाळली. पण कंपनीच्या हाती जाण्याआधी माहितीतून नावं-गावं पुसा, आणि इथून पुढे माहिती घेताना ती तिसऱ्या पक्षाला दिसू शकते हे नागरिकाला सांगून त्याची संमती घ्या, असं बजावलं.

आरोग्य सेतूचं प्रकरण कर्नाटक उच्च न्यायालयात गेलं. तिथे मुख्य न्यायमूर्ती होते अभय ओक, मूळचे ठाण्याचे. ॲप उघडताना वापरणारा एका गोपनीयता धोरणाला ‘हो’ म्हणत होता. पण ११ मे २०२० रोजी सरकारने वेगळी नियमावली काढली, जिच्यात ही माहिती इतर खात्यांना आणि संस्थांना देण्याची सोय होती. त्या नियमावलीला वापरणाऱ्याने कधी संमती दिलीच नव्हती. २५ जानेवारी २०२१ रोजी न्यायालयाने अंतरिम आदेश दिला: माहितीपूर्ण संमतीशिवाय हा डेटा पुढे वाटायचा नाही. एका कामासाठी दिलेली माहिती दुसऱ्या कामाला वापरायची नाही, हे तत्त्व त्यामागे आहे, आणि आरोग्य खात्यांच्या योजनांत सर्वांत जास्त मोडलं जातं ते हेच.

रुग्णाच्या दारावर पोस्टर चिकटवण्याचा प्रकार आठवत असेल. ९ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली सक्षम अधिकाऱ्याचा आदेश असल्याशिवाय असं पोस्टर लावायचं नाही. पुन्हा तीच पहिली पायरी.

आता ‘आभा’ क्रमांकाकडे. १४ आकडी हा क्रमांक आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा. ते देशभर सुरू झालं २७ सप्टेंबर २०२१ रोजी. रचना अशी की कागद ज्या रुग्णालयात तयार झाले तिथेच राहतात. दुसऱ्या डॉक्टरला पाहायचे असतील तर तुमच्या फोनवर संमतीची विनंती येते, तिच्यात कोणते कागद, कशासाठी, किती काळ हे लिहिलेलं असतं. आभा काढणं ऐच्छिक आहे. प्रत्यक्षात घोटाळा खिडकीवर होतो: केसपेपर काढताना ‘आधार द्या’ म्हणतात, ओटीपी येतो, तो सांगितला की आभा तयार, आणि कशाला ‘हो’ म्हटलं हे रांगेतल्या माणसाला कळलेलंही नसतं. ओटीपी सांगण्याआधी संदेश पूर्ण वाचावा. तो कशासाठी आहे हे बहुधा त्यातच लिहिलेलं असतं.

कायद्याची बाजू सध्या अर्धवट आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, पण माहिती बाळगणाऱ्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. तरी आमची नाराजी दोन गोष्टींवर आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०११ च्या नियमांत वैद्यकीय नोंदी ‘संवेदनशील’ गटात होत्या. नव्या कायद्यात असा वेगळा गटच नाही. पिझ्झा कुठला मागवला आणि केमोथेरपी कधी घेतली, दोन्ही एकाच मापाची माहिती. दुसरं, सरकारी अनुदान, वैद्यकीय आणीबाणी आणि साथ या कारणांसाठी संमतीशिवाय माहिती वापरायची मुभा कलम ७ मध्ये आहे, आणि कलम १७ खाली केंद्र सरकार काही सरकारी यंत्रणांना पूर्ण सूटही देऊ शकतं. पुढच्या दहा वर्षांतल्या याचिका इथूनच उगवतील. याच कायद्याने माहिती अधिकारातलं कलम ८(१)(ञ) बदलून टाकलं आहे. पूर्वी ‘व्यापक जनहित’ हा शब्द त्या पोटकलमातच होता, आता ‘वैयक्तिक माहिती’ म्हटलं की दार बंद. मात्र जनहिताचं वजन पाहणारं कलम ८(२) अजून आहे, आणि अपिलात त्याचाच आधार घ्यावा.

आव्हान द्यायचं तर

पहिलं काम मूळ आदेश हातात घेणं. व्हॉट्सॲपवरचा फोटो चालत नाही. महाराष्ट्र शासनाचा जीआर असेल तर संकेतस्थळावर त्याच्या संगणक संकेतांकासह मिळतो. जिल्हाधिकाऱ्यांचा किंवा महापालिकेचा आदेश असेल तर प्रमाणित प्रत मागा. आदेशाच्या पहिल्या परिच्छेदात ‘अमुक कायद्याच्या अमुक कलमान्वये’ असं काही आहे का ते पाहा. नसेल तर पहिली पायरी तिथेच तुटली. असेल तर ते कलम उघडून पाहा, अधिकार त्याच अधिकाऱ्याला दिला आहे का.

दुसरं, माहिती अधिकाराचा अर्ज. महाराष्ट्रात शुल्क १० रुपये, एका अर्जात एकच विषय, शक्यतो १५० शब्दांत. विचारायचं ते असं: या योजनेत गोळा होणाऱ्या माहितीचे रकाने कोणते, सर्व्हर कोणाच्या ताब्यात आहे, कोणत्या कंपनीशी करार झाला आणि त्याची प्रत, माहिती किती वर्षं ठेवणार, कोणकोणत्या खात्यांना दिली. ‘का’ने सुरू होणारे प्रश्न विचारू नका, ‘कारणमीमांसा देणे माहितीच्या व्याख्येत बसत नाही’ असं उत्तर ठरलेलं असतं. उत्तराची मुदत ३० दिवस, नंतर पहिलं अपील.

तिसरं, लेखी मागणी. सरकारने अमुक करावं असा आदेश कोर्टाकडून हवा असेल तर आधी तुम्ही ते सरकारकडे मागितलं होतं आणि सरकारने नाकारलं किंवा गप्प राहिलं, हे दाखवावं लागतं. अर्ज आवक-जावक विभागात देऊन शिक्क्याची पोच घ्या. इथे एक गैरसमज सर्रास दिसतो: सरकारविरुद्ध दोन महिन्यांची नोटीस द्यावीच लागते असा. ती दिवाणी दाव्यासाठी, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची. घटनेच्या कलम २२६ खाली सरकारविरुद्ध थेट उच्च न्यायालयात करायच्या रिट याचिकेला ती लागत नाही. तिची वाट पाहत बसलं तर माहिती गोळा होऊन गेलेली असते.

मग रिट की जनहित याचिका? तुमच्या स्वतःच्या माहितीवर घाला पडला असेल तर साधी रिट याचिका करा. जनहित याचिकेला मुंबई उच्च न्यायालयाचे २०१० चे वेगळे नियम आहेत, याचिकाकर्त्याची पार्श्वभूमी आणि हेतू आधी तपासला जातो, आणि अनामत भरायलाही सांगितलं जाऊ शकतं. प्रत्यक्ष बाधित माणूस असताना जनहिताचा झेंडा घेतला की उगाच हे सगळं मागे लागतं. सर्वोच्च न्यायालयात कलम ३२ खाली थेट जाता येतं, पण ‘आधी उच्च न्यायालयात जा’ हे उत्तर बहुतेकदा मिळतं. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या लोकांना मुंबई गाठायची गरज नाही. कोल्हापुरात सर्किट बेंच बसतं.

नाव लपवायचं असेल तर त्याचा अर्ज याचिकेसोबतच, पहिल्या दिवशी. एकदा नाव बोर्डावर लागलं, म्हणजे दैनंदिन कामकाजाच्या यादीत छापलं गेलं, की ते इंटरनेटवरून परत घेता येत नाही. वैद्यकीय कागद मोहोरबंद पाकिटात द्या. याचिकेला जोडलेल्या कागदांत एखाद्या पानावर रुग्ण क्रमांक, फोन नंबर किंवा आधार तसाच राहून जातो. प्रत्येक पान स्वतः पाहून काळं करा. खासगीपणासाठी केलेल्या याचिकेतूनच खासगी माहिती फुटल्याचे प्रकार कमी नाहीत.

विनंतीत सगळ्यात जास्त विचार अंतरिम आदेशाचा करा. वर पाहा: डॉमिनिक घरी आला तो अंतरिम आदेशाने, स्प्रिंकलरला लगाम बसला तो अंतरिम आदेशाने, आरोग्य सेतूलाही. अंतिम सुनावणी येईपर्यंत साथ संपते, योजना बदलते, आणि ‘आता प्रश्नच उरला नाही’ म्हणून याचिका निकाली निघते. म्हणून ‘धोरण रद्द करा’ या मोठ्या मागणीखाली छोट्या, तोडून देता येतील अशा मागण्या ठेवा: नावं पुसा, तिसऱ्याला देऊ नका, पर्यायी ओळखपत्र चालवा, ठरलेल्या तारखेनंतर माहिती नष्ट करा. न्यायाधीशाला पूर्ण धोरण थांबवायला संकोच वाटतो, पण एक रकाना बंद करायला वाटत नाही.

उशीर मात्र सांभाळा. रिटला ठरलेली मुदत नसली तरी दोन वर्षांनी जाग आल्यासारखं गेलं तर न्यायालय दारातूनच परत पाठवू शकतं.

खासगी रुग्णालयाने माहिती फोडली असेल तर वाट वेगळी. तिथे रिट सहसा चालत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ ने ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती उघड करणं ही अनुचित व्यापार प्रथा ठरवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात घटनेपासून दोन वर्षांत तक्रार करता येते. डॉक्टरविरुद्ध महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडेही जाता येतं. एचआयव्हीच्या बाबतीत त्या कायद्याखालचा लोकपाल आहे.

या कुठल्याही वाटेला लागण्याआधी स्वतःचे कागद हवेत, आणि गंमत म्हणजे गोपनीयतेची सबब सर्वांत जास्त सांगितली जाते ती खुद्द रुग्णालाच. मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगून ठेवलं आहे की रुग्णापासून त्याचीच माहिती गुप्त ठेवता येत नाही, प्रती द्याव्या लागतात. २००२ च्या आचारनियमांत मुदत आहे ७२ तासांची, मागणी केल्यापासून. नोंदी जपायची सक्ती मात्र आंतररुग्णाच्या उपचाराला सुरुवात झाल्यापासून तीनच वर्षांची, आणि फॉर्म एफसारख्या कागदांची सर्वसाधारणपणे दोन वर्षांची. म्हणून अर्ज आधी त्याचा करा: रुग्णाचं नाव, आंतररुग्ण क्रमांक, दाखल आणि डिस्चार्जची तारीख, आणि ‘संपूर्ण केसपेपर, परिचारिकांच्या नोंदी, संमतीपत्रं व तपासणी अहवालांसह’ एवढे शब्द लिहून दोन प्रती करायच्या, एक द्यायची, दुसरीवर तारीख, वेळ आणि शिक्का घ्यायचा. ७२ तास त्या वेळेपासून मोजायचे.